धोंडूआत्या कुणाची

डॉ. नीलिमा गानूंच्या पत्राला आकाराम मास्तरांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र आलं तेव्हा आंबे उतरत होते आणि आता पंचगंगेच्या काठानं गुऱ्हाळं पेटली होती. उत्तर लिहायचं मनात नव्हतं, असं नाही. कितीदा तरी ते जेवणं आटोपल्यावर टेबलाशी बसले, पेनात शाई भरली, 'सप्रेम नमस्कार' एवढं लिहिलं आणि तिथंच थांबले. जन्मभर पोरांना निबंध लिहायला लावलेल्या माणसाला चार ओळी सुचू नयेत! मग ते पेन पुसून ठेवत आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडून बसत. पुस्तकाला उत्तर द्यावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय.

पत्रात आडपडदा काही नव्हता. पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजात म्हातारपणावर आणि म्हातारपणी जडणाऱ्या आजारांवर संशोधन चाललं होतं. एखादी म्हातारी नव्वदीतही नातवंडांची नावं ओळीनं सांगते आणि दुसरी साठीतच पोटच्या लेकाला परका समजते, असं का होतं, हे त्यांना शोधायचं होतं. एकाच घरात एकाहून जास्त माणसांना हा विसरण्याचा आजार झाला असेल, तर ती घरं त्यांना हवी होती. आक्काला मास्तरांनी मागं पुण्यात दाखवलं होतं. आईचं, बनाबाईचं, माहेर गारगोटीचं आणि तिलाही असंच झालं होतं, हे तेव्हा त्यांनीच सांगितलेलं. बाईंनी तीन गोष्टी मागितल्या होत्या. आक्काची घरी येऊन तपासणी. रक्ताच्या माणसांचं थोडं थोडं रक्त. आणि तिसरी गोष्ट बाईंनी फार जपून लिहिली होती. आक्काच्या पश्चात, कुटुंबाची हरकत नसल्यास, तिच्या मेंदूची तपासणी.

आक्का सगळ्यात थोरली, विधवा, पोटी कुणी नाही. तेव्हा हो किंवा नाही म्हणायचं ते पाठच्या भावानं, म्हणजे मास्तरांनी. मास्तर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ह्या दोहोंच्या मधे एक जागा असते आणि तिथं गुपचूप राहता येतं, असा त्यांचा आयुष्यभराचा समज होता. त्या रविवारी सकाळी तो समज मोडला.

घरात धांदल होती. मास्तरांच्या धाकट्या भावाच्या, बाळासोच्या, शालनची सुपारी फुटायची होती. गारगोटीकडचे गुंडू पाटील चार माणसं घेऊन दुपारी जेवायलाच यायचे होते. मटण चुलीवर चढलं होतं, तांबड्या रश्श्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. बाळासो बनियनवरच पाट मांडत होता आणि पाट मांडतानाही त्याचा आवाज गुळाच्या सौद्यात लागतो तेवढाच लागला होता. आक्काला मागच्या खोलीत बसवून बाळासोच्या बायकोनं, विठाबाईनं, बाहेरून कडी घातली होती. पाहुणे येणार म्हटलं की घालायची, असं ठरूनच गेलं होतं.

तेवढ्यात केरबा आला. केरबा म्हणजे मास्तरांचा मामेभाऊ, गारगोटीचा. पाटलांचं स्थळ त्यानंच आणलेलं. पहाटेची एस्टी धरून आला होता. शालननं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"बाळासो, चूल इजवा," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "पाटील न्हाय येत."

"न्हाय येत म्हंजे? एस्टी चुकली?"

"एस्टी कशाला चुकंल? मन फिरलंय. तुमच्यातल्या बायका म्हातारपनी भ्रमिष्ट हुत्यात, असं त्येंच्या कानावर गेलंय. एक न्हाय, दोन न्हाय, तीन बायका."

"कुनी सांगिटलं?" बाळासोच्या हातातला पाट तसाच राहिला.

"पुन्याचे डाक्टर आल्ते गावात. एक बाई आनि एक पोरगा. माझ्या सोप्यात बसून चौकशी केली. जाताना त्यो पोरगा जीपपाशी मोठ्यानं म्हनाला, तीन केशी हायत ह्या घरात. निम्मं गाव जीप बघायला जमलेलं. पाटलाचा भाचाबी हुता त्यात."

"त्या डाक्टरला आमचं घर दावलं कुनी?"

चुलीवर रस्सा तेवढा रटरटत होता. मास्तर पुस्तकात बोट घालून कोपऱ्यात बसले होते. ते बोट त्यांनी काढलं.

"मला पत्र आलं होतं," ते म्हणाले.

"कवा?"

"उन्हाळ्यात."

"आनि तुमी काय लिवलं, आण्णा?"

"काही नाही."

"काय न्हाय म्हंजे? 'काय न्हाय' असं लिवलं, का लिवलंच न्हाय?"

"लिहिलंच नाही."

बाळासोनं पाट असा आपटला की भिंतीवरचा आरसा हलला. "बघा! बघा केरबादा! एवढा शिकल्याला मानूस! गूळ नासला तर अडाणी शेतकरी पन तोंडावर सांगतो, नासलाय म्हनून. ह्येंनी पत्र खिशात घालून वरीस काढलं आनि माझ्या पोरीच्या लग्नावर नांगुर फिरवला. एक 'नगं' लिवायला काय हुतं हो? दोन अक्षरं!"

मास्तरांच्या तोंडात उत्तर होतं. वर्ष नाही झालं, सहाच महिने झाले, असं ते होतं. ते त्यांनी गिळलं. अशा वेळी आपल्याला बरोबर निरुपयोगी तेवढंच सुचतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि मग, जणू एवढं पुरेसं नव्हतं म्हणून, गल्लीत जीप थांबली.

गानूबाई ठेंगण्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला पिशवी. मागून पेटी घेऊन तिशीचा एक तरुण डॉक्टर. घरातल्या चेहऱ्यांकडे बघूनच तो उंबऱ्याशी थबकला, बाई मात्र सरळ आत आल्या.

"आकाराम इंगवले आपणच ना? मी गानू. आपलं उत्तर आलं नाही. नको असतं तर आपण तसं कळवलं असतंत, असं मी धरलं. म्हणून आधी गारगोटी उरकली आणि आता इकडं आले."

"उरकली!" बाळासो म्हणाला. "केरबादा, आयकलं? गारगोटी उरकली. आता कोल्हापूर उरकायला आल्यात."

"पावणं, जरा बसून बोलूया की," तरुण डॉक्टर म्हणाला.

"तू कुठला?"

"कुरुंदवाडचा. दिलदार मुजावर."

"मग कुरुंदवाडातल्या म्हाताऱ्या संपल्या व्हय, म्हनून आमच्या घरात शिरलास? तीन केशी म्हनं! जनावरांच्या बाजारात दात मोजावंत तशा आमच्या आया-बहिनी मोजतोस? तुज्या त्या एका शब्दानं माझी पोरगी बसली घरात!"

मुजावरचा चेहरा पडला. "मी म्याडमना सांगत हुतो. लोकांनी आयकावं म्हनून न्हवं."

"चूक झाली," गानूबाई म्हणाल्या. "असं चारचौघांत बोलायला नको होतं. त्याबद्दल मी माफी मागते." आणि पुढच्याच श्वासाला त्यांचाही आवाज चढला. "पण तुम्हीही ऐका. मी जाते त्या प्रत्येक घरात मला हेच ऐकवतात. आमच्यात कुणाला नाही, शेजारी विचारा. शेजारी सांगतो, आमच्यात नाही, पलीकडं विचारा. आणि प्रत्येक घराला एक मागची खोली असते. आम्ही शोधायचं कसं? औषध निघायचं कसं? सगळ्या देशाच्या म्हाताऱ्या मागच्या खोलीत, आणि आम्ही पुस्तकात परदेशातल्या म्हाताऱ्यांबद्दल वाचायचं!"

"आमच्यात कुनी न्हाय मागच्या..." बाळासो म्हणाला, आणि मागच्या खोलीचं दार वाजलं.

आधी हळू वाजलं, मग थापा पडायला लागल्या. सगळे ऐकत उभे राहिले. कुणी कुणाकडं बघेना. विठाबाई चुलीपासून उठली, पदराला हात पुसले, नवऱ्याकडं न बघता मागं गेली आणि कडी काढली.

आक्का बाहेर आली ती थेट बैठकीवर. नऊवारीचा काष्टा नीट, केस विंचरलेले, कपाळ मोकळं. विठाबाई रोज तिला लेकरासारखी तयार करायची. आक्कानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तिला गानूबाई पसंत पडल्या. ती त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांच्या साडीचा काठ बोटांत धरून चाचपला.

"पातळ बरं हाय. कुठनं घेतलंस? आनि तोंड का असं वाळलंय गं तुजं? विठा, हिला जेवायला वाढ. उपाशी दिसती."

"वाढते, आक्का."

"आनि हे कोन?" तिनं मास्तरांकडं बोट केलं. "चष्मा लावल्यात. मास्तर हायत व्हय?"

मास्तरांनी मान हलवली.

"आमचा आका पन शिकतोय. लई हुशार हाय पर लाजरा. वर्गात तोंड उघडत न्हाय. त्येला मारू नगासा."

"नाही मारणार," मास्तर म्हणाले.

मुजावर तिच्यापुढं मांडी घालून बसला. "आजी, आज वार कंचा?"

"तुला म्हाईत न्हाय?"

"न्हाय की."

"मग आईला इचार. एवढा घोडा झालास."

केरबाला हसू आवरेना. शालनही तोंडाला पदर लावून हसली. बाळासोनं संधी धरली. "बघितलं? ठणठणीत हाय! असली उत्तरं येड्या मानसाला सुचत्यात?"

"त्यांना वेडं कुणीच म्हटलेलं नाही," गानूबाई म्हणाल्या. त्यांनी आक्काचा हात हातात घेतला होता आणि तो सोडला नव्हता. "तो आजार आहे. त्यात माणसाचं बोलणं राहतं, माया राहते. काल-आज तेवढं जातं. तुमच्या आईचंही तसंच गेलं ना?"

तिथं बाळासोला दुसरा शत्रू सापडला. तो केरबाकडं वळला.

"आईचं गेलं, व्हय. आनि आई कुनाची? गारगोटीची! तुमच्या घरातनं आली ती! मग केरबादा, रगात तुमचं आनि शिक्का आमच्या पोरीला? पाटलाला हे का न्हाय सांगिटलं? तुमच्या दोन नाती उजवल्या गेल्या साली, तवा कुनी नाव घेतलं न्हाय!"

"ए, तोंड सांभाळ!" केरबाही कमी नव्हता. "आमच्या घरात एकालाबी कवा काय झालं न्हाय! एक धोंडूआत्या सोडली तर. आनि धोंडूआत्या आमच्यात हुती तवर ठणठणीत हुती. हितलं पानी लागलं तिला!"

"हितलं पानी? तुमी कराल ते उपकार आनि आमचं पानी वाईट?"

"थांबा," गानूबाई म्हणाल्या.

कुणी थांबलं नाही. त्यांनी हाताच्या पंजानं पाटावर थाप मारली. "थांबा म्हणते ना! केरबा, धोंडूबाई इथं कधी आल्या?"

"कवा म्हंजे? लगीन झाल्यावर. हितंच दिलीती की तिला."

"इथं म्हणजे कोल्हापुरात. कुणाच्या घरी?"

बाई शिकलेल्या आहेत की नाहीत, अशा नजरेनं केरबानं त्यांच्याकडं पाहिलं. "हितं म्हंजे हितं! ह्याच उंबऱ्याच्या आत! ह्येंची आई न्हवं का ती!"

"त्यांच्या आईचं नाव बनाबाई."

"सासरी बनाबाई. आमची ती धोंडूच. आधीची पोरं जगली न्हाईत म्हनून आज्यानं धोंडू ठेवलेलं. लग्नात ह्यांच्या बानं तांदळावर बनाबाई लिवलं."

मुजावर पेटी ठेवून उभा राहिला. "मी इचारलं हुतं तुमाला, धोंडूबाई कुठं दिलीती? तुमी म्हनाला, कोल्हापुरात."

"मग काय खोटं सांगिटलं?"

"मी समजलो, दोघी बहिनी दोन घरात. एक धोंडूबाई, एक बनाबाई." तो बाईंकडं वळला. "म्याडम, आमच्यात लग्नात बाईचं नाव बदलत न्हाय. माझी आई माहेरी नजीरा, सासरी पन नजीरा. मला सुचलंच न्हाय."

गानूबाईंनी चष्मा काढला. भिंगांमागून डोळे अचानक लहान आणि थकलेले दिसले. "तुला कसं सुचणार? मला सुचायला हवं होतं. मी माहेरची कुसुम आहे." त्या स्वतःवरच इतक्या चिडल्या होत्या, की पुढचं वाक्य त्यांनी दातांतून काढलं. "म्हणजे तिघी नाहीत. दोघी. आई आणि लेक."

आणि मग त्या घरात एक नवल झालं. घटकेपूर्वी एकमेकांची उणीदुणी काढणारे बाळासो आणि केरबा एका बाजूचे झाले.

"दोघीच!" बाळासो म्हणाला. "आनि दोघी म्हंजे काय हो? सत्तरीत कोन इसरत न्हाय? केरबादा, तुमी तडक परत जावा. पाटलाला सांगा, डाक्टरांचीच चूक हुती."

"व्हय, जातो की. अकराची गाडी हाय. पन नुसत्या तोंडानं पाटील आयकायचा न्हाय. लिवून पायजे."

"बाई, लिवून द्या. ह्या घरात कसलाच आजार न्हाय."

"तिघी नव्हत्या, दोघी होत्या, असं लिहीन," गानूबाई म्हणाल्या. "आजार नाही, असं लिहिणार नाही. मुलीला होईल की नाही होणार, ते आज जगात कुणालाच सांगता येत नाही. तेच तर आम्ही शोधतोय."

"मग शोधत बसा! आमाला गरज न्हाय तुमची. आण्णा लिवतील. आण्णांचा शब्द पाटील मानतो, त्येचा थोरला लेक आण्णांच्या हाताखालीच शिकला." बाळासोनं टेबलावरचा कागद उचलला, पेन उचललं आणि दोन्ही मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. "लिवा. आक्काला काय झाल्यालं न्हाय. वय झालंय. कानाला जरा कमी ऐकू येतं, म्हनून उलटंसुलटं बोलती."

"कुनाला कमी ऐकू येतं?" आक्का म्हणाली.

कुणी हसलं नाही ह्या वेळी.

"आनि सुपारीच्या दिवशी आक्काला मागं ठेवू," केरबा म्हणाला. "घटकाभराचा तर प्रश्न."

"मी कडी घालनार न्हाय."

विठाबाईचा आवाज इतका बारीक होता, की तो कुठून आला ते कळायला बाळासोला क्षण लागला. "तू गप. रस्सा बघ."

"रस्सा बघते, आक्कालाबी बघते. तुमी काय बघता?" ती म्हणाली. "हिला न्हाऊ घालते मी. घास भरवते मी. रोज सकाळी मला इचारती, नवी सून व्हय गं तू, कुठल्या गावची. रोज सांगते. आज कडी घातली तवा आतनं म्हनाली, पोरी, माझं काय चुकलं, सांग, परत न्हाय करनार. तुमी पाट मांडत हुतासा. आता परत कडी घालायची झाली तर ती तुमी घाला, तुमच्या हातानं."

बाळासोनं तिच्याकडं पाठ केली. तो मास्तरांवरच ओरडला. "लिवा की, आण्णा! का ह्ये पन सा म्हयनं ठेवनार?"

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर त्यांचा हात गेला आणि बोटं 'सप्रेम नमस्कार' लिहायला लागली. आपल्या बोटांना दुसरं काही येतच नाही, असं त्यांना वाटलं. आणि एकाएकी, कुठं साठून होता कोण जाणे, त्यांना राग आला. असा राग त्यांना कधी आला नव्हता. तो ओळखीचाही वाटेना.

"ओरडू नकोस!" ते ओरडले.

सगळे दचकले. आक्कानं गानूबाईंचा हात घट्ट धरला.

"आईच्या वेळी काय केलं आपण? शेवटची दोन वर्षं ती ह्याच मागच्या खोलीत होती. गल्लीला काय सांगितलं? दमा! तू सांगितलंस आणि मी शेजारी उभा राहून मान हलवली. आई दारातून ओरडायची, मला गारगोटीला न्या, मला घरी न्या, आणि आपण म्हणायचो, दम लागलाय तिला. आता आक्का बहिरी! उद्या कोण? माझं काय सांगणार आहेस, बाळासो? ठरवून ठेव. मोतीबिंदू सांग. मास्तरांना दिसत नाही, म्हणून माणूस ओळखत नाहीत!"

"तुमचं काय मधी?" बाळासो म्हणाला.

"आणि बाई, तुम्ही." मास्तर गानूबाईंकडं वळले तेव्हाही त्यांचा आवाज खाली आला नव्हता. "उत्तर आलं नाही म्हणजे हो, असं धरलंत. मी आयुष्य शाळेत काढलं. वर्गात एखादं पोरगं गप्प बसलं, तर त्याला येतंय, असं मी कधी धरलं नाही. गप्प बसणाऱ्याला बहुतेक भीती वाटत असते. मला वाटत होती. आक्काची नव्हे. माझी!"

ते थांबले. एवढं बोलून झाल्यावर उरलेलं आत ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

"वर्ष झालं मला शब्द सापडत नाहीत. रोजचे, हाताशी असलेले शब्द. रोजच्या माणसाचं नाव. वाचनालयातून पुस्तक आणतो, चार पानं वाचतो, वाटतं, छान आहे. मग समासात माझीच पेन्सिलीची खूण दिसते. तुमच्या पत्राला मी काय लिहिणार होतो? आईला होतं, बहिणीला आहे, आणि पुढचं वाक्य लिहायला हात होत नाही? घरातल्या बायकांनाच होतं, असं तुम्ही तिकडं मोजत बसला होता. ह्या कोपऱ्यात कुणी पाहिलं नाही!"

बाळासो पाटावर बसला. "आण्णा," तो म्हणाला, "मला कधी बोलला न्हाय."

"तुझ्याशी बोलायला फट कुठं असते?"

गानूबाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, शब्द न आठवणं हे काळजीनंही होतं. लगेच असं..."

"समजूत नको. तपासा. पण आज नाही. आज ह्या घरातून तुम्हाला रक्त मिळणार नाही आणि सहीसुद्धा नाही. तुम्ही जा. मी उत्तर लिहीन."

"मी सहा महिने थांबलेय."

"आणखी एक दिवस थांबा!"

बाईंना राग आला होता, तो त्यांनी लपवला नाही. पिशवी खांद्याला लावली. आक्का त्यांचा हात सोडेना, तेव्हा मात्र त्या वाकल्या आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. आक्का म्हणाली, "ये हां. जेवून जायाचं परत." मुजावर उंबऱ्यात वळून बाळासोला म्हणाला, "मामा, गारगोटीला परत जातो. चारचौघांत बोललो, चारचौघांतच चूक सांगतो." बाळासोनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. जीप गेली. केरबा तिच्या पाठोपाठ गेला, अकराच्या गाडीला. पाटलाला काय सांगायचं, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

जेवायला कुणी बसलं नाही. एवढा रस्सा तसाच राहिला. मास्तरांनी टेबलाचा खण उघडून त्यातून पोस्टाचं कार्ड काढलं.

"कार्ड?" बाळासो म्हणाला. "आण्णा, पाकीट घ्या. अंतर्देशीय घ्या. कार्ड पोष्टमन वाचतोय. उद्या संध्याकाळपतूर सगळी पेठ वाचंल, परवा गारगोटी वाचंल."

"म्हणून तर."

"तुमाला काय, तुमचं आयुष्य झालं! पोरीचं काय?"

ते खरं होतं. मास्तरांचा हात थांबला. राग ओसरायला लागला होता आणि त्याच्या जागी नेहमीची शंका परत येऊन बसायला बघत होती. आपण कोण? हिच्या संसाराचं काय करायचं, हे आपण का ठरवावं? त्यांनी शालनला हाक मारली. ती दाराशीच उभी होती, डोळे रडून लाल, जबडा मात्र बापासारखा पुढं आलेला.

"तू सांग. नको म्हणालीस, तर पाकिटात घालतो."

"सकाळधरनं सगळ्यांनी माझ्या नावानं भांडून घेतलं," शालन म्हणाली. "केरबाकाका, बाबा, त्या बाई, आनि तुमी पन. मला इचारायला आत्ता सवड झाली?"

"चुकलं."

"लिवा कार्डावर. पाटील वाचून आले तर आक्काच्या पाया पडून जाईन मी त्या घरात. न्हाय आले तर, लग्नानंतर का हुईना, हेच माझ्या तोंडावर मारलं असतं त्येंनी. पर माझ्या रगताचं तुमी लिवू नगासा. ते मी ठरवीन. आत्ता न्हाय. मला वाटंल तवा."

"पोरी," बाळासो म्हणाला, "लगीन मोडलं तर ह्या मानसाच्या हातचं पानी पिनार न्हाय मी."

"मग माझ्या हातचं प्या," शालन म्हणाली आणि आत गेली.

मास्तर लिहायला लागले. 'सप्रेम नमस्कार' आलं, आणि ह्या वेळी हात पुढं गेला.

'आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. आमची आई, माहेरची धोंडूबाई, सासरची बनाबाई, हिला विसरण्याचा आजार होता. दमा नव्हता. बहिणीला आहे. मला लागला असावा. पहिली तपासणी माझी करावी. बहिणीची तपासणी घरी, विठाबाईसमोर करावी. पुतणीचं रक्त पुतणीला विचारावं. आपल्या तिसऱ्या मागणीबाबत: बहीण आमच्यात बसून जेवते आहे, तोवर मी त्याचं उत्तर देणार नाही. माझ्यापुरती मात्र परवानगी धरावी. ह्या वेळी धरायला हरकत नाही, कारण लिहून दिलं आहे. आकाराम इंगवले, मंगळवार पेठ.'

ते उठले तर आक्काही उठली. "मला घरी जायाचंय."

"चल," मास्तर म्हणाले.

विठाबाईनं आक्काच्या पायांत वहाणा घातल्या. बाळासो म्हणाला, "दिवसाउजेडी? गल्लीतनं?" आक्काला दिवसा गल्लीत आणून किती काळ लोटला, हे मास्तरांना आठवेना. हे मात्र त्यांच्या आजारामुळं नव्हतं.

दारादारांतून माणसं बघत होती. सकाळची जीप, बाळासोचा आवाज, पाहुण्यांवाचून राहिलेलं जेवण, गल्लीला सगळं पोहोचलं होतं. आक्का मास्तरांचा दंड धरून चालली होती आणि प्रत्येक दाराशी थांबून विचारत होती, "जेवलासा का?" पलीकडची जरीना दळण घेऊन येत होती. ती गोंधळून आधी मास्तरांकडं बघायला लागली, मग आक्काकडं बघून म्हणाली, "जेवलो की, आक्का. तुम्ही?"

"आमच्यात आज मटन हाय," आक्का म्हणाली. "ये."

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी ते थांबले. मास्तरांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. 'असावा' ह्या शब्दावर त्यांचा डोळा अडला. खोडून 'आहे' लिहावं की तसंच ठेवावं? पेन घरीच राहिलं होतं.

"कुनाला टाकतोय?" आक्कानं विचारलं.

"डॉक्टरीणबाईंना."

"मग टाक की. किती येळ बघतोस?"

मास्तरांनी कार्ड टाकलं. मग ते तोंडाशीच अडकलेलं नाही ना, हे बघायला त्यांनी पेटीत बोटं घालून चाचपलं. आत हाताला काहीच लागलं नाही.